संघानं सोडलेली पोर

ऑफ सीझन हा शब्द त्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. श्रीगोंद्याकडच्या ऊसपट्ट्यातलं गाव. कारखान्याचं धुराडं पेटलं की सीझन, विझलं की ऑफ सीझन. सीझनल कामगार मग घरी येतो, म्हशी बघतो, पारावर बसतो, आणि दिवाळी जवळ आली की पुन्हा भोंग्याकडे कान लावतो. त्यामुळे रंभाजीची नात अमेरिकेतून दसऱ्याला घरी आली आणि "आता माझा ऑफ सीझन" म्हणाली, तेव्हा ज्या बायांना अमेरिका कुठल्या दिशेला हे ठाऊक नव्हतं त्यांनीसुद्धा समजून मान डोलावली. नवल एवढंच, की कारखाना पेटायच्या वेळेला हिचा विझला होता.

नात म्हणजे ज्ञानेश्वरी. ही पोरगी बेसबॉल खेळते. श्रीरामपूरला वसतिगृहात राहून शिकत असताना तिथल्या बाईंनी तिच्या हातात चेंडू दिला, आणि तो हातातून असा काही सुटला की तालुका, जिल्हा, राज्य करत करत तिला थेट परदेशातल्या बायकांच्या लीगमध्ये घेऊन गेला. समोर एक बाई दांडकं घेऊन उभी असते. हिनं चेंडू असा टाकायचा की त्या बाईला तो मारता येऊ नये. रंभाजीच्या थोरल्या बहिणीला, गोजरबाईंना, खेळ एवढाच कळला होता, आणि तेवढा पुरे आहे असं त्यांचं मत होतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गोजरबाई ओट्यावर उन्हाला बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. शेजारची लंकाबाई आली ती तोंडावर पदर धरूनच.

"अक्का, कानावर आलं का? ज्ञानेश्वरीला सोडली म्हनं."

"कुनी सोडली?"

"त्या संघवाल्यांनी. आमच्या हर्षलनं मोबाईलवर वाचून दाखवलं. एकाच सीझनात सोडली बगा." लंकाबाईनं आवाज आणखी खाली आणला. "आता वं कसं व्हायचं पोरीचं?"

गोजरबाईंच्या हातातला घाटा तसाच राहिला. तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याइतका जुना सोबती त्यांना दुसरा नव्हता.

गोजरबाईंना कर्जतकडे दिली होती. दोन पावसाळे नांदल्या. एक दिवस दिरानं त्यांना ट्रंकेसकट एसटीत बसवलं, गावच्या फाट्यावर उतरवलं आणि तो त्याच गाडीनं पुढे निघून गेला. का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायला कुणी गेलंही नाही. त्या दिवसापासून गावात त्यांच्या नावाआधी एक शब्द चिकटला. सोडलेली गोजरा. लहान पोरं खेळताना मोठ्यानं म्हणत, मोठी माणसं हळू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघर जाई. यांच्या दारावरून जाताना बोलावणारीला नेमकं काहीतरी आठवे आणि ती पुढे जाई. एवढी वर्षं झाली, भावाचा मळा यांनी उभा केला, भाच्याला मांडीवर वाढवला, भाच्याच्या लेकीला पाळण्यात जोजवलं. शब्द म्हातारा झाला, पण गेला नाही.

फाट्यावरून ट्रंक घेऊन त्या घरी आल्या त्या दिवशी त्यांच्या आईनं एक अक्षर विचारलं नव्हतं. केसांत तेल जिरवलं. गरम भाकरी गूळ-तुपात कुस्करून समोर ठेवली आणि म्हणाली, "आधी रडून घे, मग जेव."

गोजरबाई उठल्या. सुपातले घाटे लंकाबाईच्याच ओटीत ओतून म्हणाल्या, "घे, तुझ्या हर्षलला उसळ कर," आणि आत जाऊन तव्यावर बाजरीची भाकरी टाकली.

एका हातात मलिद्याची ताटली, दुसऱ्या हातात तेलाची वाटी, अशा त्या घरामागे मळ्यात गेल्या. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पोर गोठ्याआड बसलेली असेल. आपण तिथं बसायचो.

पोर गोठ्याआड नव्हती. उसाच्या कडेला जी मोकळी पट्टी होती तिथं नेहमीसारखी उभी होती, आणि तिच्यासमोर लांब तिची आई दीपा, नऊवारी नाही पण पाचवारीचाच काष्टा मारून, तोंडाला जाळी लावून, हातात तो गादीसारखा चामडी हातमोजा घालून उकिडवी बसली होती. चुलीपुढं बसावी तशी. ऑफ सीझनमध्ये लेकीचा चेंडू झेलायला गावात दुसरं कुणी टिकेना, म्हणून दीपा शिकली होती. चेंडू आला, थाप वाजली, गोठ्यातल्या म्हशीनं कान हलवला.

"ज्ञाने, इकडं ये. बस खाली."

पोर आली, बसली. गोजरबाईंनी तिच्या टाळूवर तेल ओतलं.

"आत्याआजी, अहो शर्ट! नवीन आहे."

"शर्टाचं राहू दे. रडून घे बाळा."

"का?"

"सोडली न्हवं तुला."

ज्ञानेश्वरीनं आईकडे पाहिलं. दीपानं जाळी वर सारली आणि तोंडात पदर कोंबून हसू लागली. पण पोर हसली नाही. आत्याआजीच्या नावाआधी कोणता शब्द लागतो, ते तिनंही लहानपणी ऐकलं होतं.

"तसं नाही हो ते सोडणं," ती म्हणाली. "सीझन संपला की प्रत्येक संघ बसून ठरवतो, कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं. सोडलं म्हणजे मी मोकळी. आता कुठलाही संघ मला बोलावू शकतो."

एवढ्यात रंभाजी वैरणीचा भारा घेऊन आला. त्यानं उभा जन्म कारखान्यात सीझनलवर काढला होता. तो तिथंच थांबला. "मंग असं सांग ना, तुला रिटेन्शन न्हाई दिलं. ऑफ सीझनला कामगार पळून दुसऱ्या कारखान्याला जाऊ नये म्हनून देत्यात, ते."

"अगदी तेच, आजोबा. रिटेन नाही केलं."

"बगा!" रंभाजीनं भारा टाकून मिशीवर हात फिरवला. "अमेरिकेचा कायदा आन आपल्या शुगर फॅक्टरीचा कायदा येकच हाय."

"आणि कधी कधी सोडत नाहीत, अदलाबदल करतात," ज्ञानेश्वरीला आता रंग चढला. "ह्या संघातली एक तिकडं, तिकडची एक इकडं."

"आगं बया," गोजरबाई म्हणाल्या, "साटंलोटं!"

आता मात्र मायलेकी दोघी हसत सुटल्या. दीपानं तर हातमोजा डोक्यावर घेतला. त्या भागात पूर्वी एका घरात लेक द्यायची आणि त्याच घरची लेक सून म्हणून आणायची, तसं साटंलोटं गोजरबाईंनी कितीतरी पाहिलं होतं. त्यात इतकं हसण्यासारखं काय, ते त्यांना कळलं नाही. त्यांच्या मनात वेगळंच घोळत होतं.

"आन सोडलेलीला दुसरे बोलवत्यात?"

"बोलावतात ना."

"नावं न ठेवता?"

"नावं कसली ठेवायची? खेळ बघतात आणि बोलावतात. कधी कधी तर पहिल्यापेक्षा मानानं."

गोजरबाईंची बोटं तिच्या केसांतच थांबली. अशीही एक जागा या पृथ्वीवर आहे तर. जिथं सोडलेली बाई मधोमध उभी राहते आणि लोक तिला काय येतं ते विचारतात.

मग ज्ञानेश्वरी हळू आवाजात म्हणाली, "पण बोलावतीलच असं नाही, आत्याआजी. शेवटी शेवटी माझा खांदा दुखत होता, म्हणून तर सोडलं. आता बरा आहे, पण ते त्यांना कुठं माहीत? संक्रांतीपर्यंत सगळे संघ भरतात. तोवर कुणी बोलावलं नाही तर संपलं. केडगावच्या एका शाळेत खेळाच्या बाईंची जागा आहे, ती घेईन. वाईट नाही ती. पण माझं टाकणं संपलं."

हे बोलताना तिनं उजवा खांदा डाव्या हातानं धरला होता. गोजरबाईंनी ताटली पुढे सरकवली. "रडायचं नसंल तर नको रडू. खा मातर." पोरीनं ताटली पुसून खाल्ली.

पौष लागला. उसाच्या गाड्या रस्त्यानं गाणी लावून जात होत्या. भेटायला येणारी प्रत्येक बाई ज्ञानेश्वरीकडे पाहून च्च् करायची आणि जाताना दीपाला कोपऱ्यात घेऊन एखाद्या स्थळाचं सांगायची. पोर रोज सकाळी मळ्यात जाऊन टाकत होती.

एक दिवस गोजरबाई म्हणाल्या, "दीपे, मला तुझ्या पाठीमागं उभी राहू दे. त्या दांडकंवालीला काय दिसतं ते बघायचंय मला."

"आत्याबाई, लागंल कुठंतरी!"

"आता लागून काय मोडायचं राहिलंय माजं?"

मग दीपाच्या मागे बाज उभी करून त्यांना बाजेआड ठेवलं. सुंभाच्या विणीतून त्या पाहू लागल्या. पलीकडे पोरीनं हात फिरवला, पाय उचलला, आणि पांढरं काहीतरी सरळ त्यांच्या छातीवर यायला निघालं. गोजरबाईंनी डोळे मिटले नाहीत. ते आलं, आलं, आता लागणार, आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरावर, दिवसभर उभी राहिलेली बाई अचानक मटकन खाली बसावी तसं बसलं. दीपाचा हातमोजा जमिनीला टेकून होता. थाप वाजली.

गोजरबाई बाज धरून उभ्या राहिल्या. ही तीच बोटं. पाळण्याबाहेर येऊन त्यांचा अंगठा धरणारी. त्यांना वाटलं, देवळात नाही, इथं हात जोडावेत.

"ह्ये कसं केलंस गं?"

"बोटांची पकड असते."

"आन ह्यो बसता चेंडू बगून बी सोडली तुला? आंधळे हायत का काय ते!"

ज्ञानेश्वरीच्या वडिलांनी, सचिननं, तो बसता चेंडू मोबाईलवर उतरवला. पोरीनं तो कुठंकुठं पाठवला. आठवडा गेला, कुणी काही कळवलं नाही. केडगावच्या शाळेला होकार द्यायचं तिनं जवळजवळ ठरवलंच.

भोगीच्या सकाळी चुलीवर भाजी शिजत होती आणि गोजरबाई भाकरीला तीळ लावत होत्या, तेव्हा फोन वाजला. ज्ञानेश्वरी अंगणात जाऊन इंग्रजीत बोलली. आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. एका नव्या संघानं बोलावलं होतं. कुठल्या तरी नदीकाठचं थंड गाव, संघही लहान. त्यांनी चेंडू पाहिला होता. खांदा डॉक्टरला दाखवायचा, आणि मग टाकायचं.

तिचं सांगून होतंय तोच दुसऱ्यांदा फोन वाजला. हा, ज्यानं तिला सोडलं होतं त्या संघाचा. त्यांच्या एका खेळाडूचा गुडघा दुखावला होता. परत ये म्हणत होते. ते मोठं शहर, मोठं नाव. पण टाकायला नाही. लांब मैदानाच्या कडेला उभं राहून आलेला चेंडू अडवायला.

या दुसऱ्या फोनवर पोर दोनदा हसली, पण एकदाही "यस" म्हणाली नाही, हे गोजरबाईंच्या लक्षात आलं. "विचार करून आजच कळवते असं सांगितलंय," ती म्हणाली.

"इचार कसला त्यात?" रंभाजी म्हणाला. "वळखीचा कारखाना बरा. एकदा सोडलं, पर परत बोलावत्यात ना? लई मोठी गोष्ट हाय ती."

"कडेला उभी करत्यात तिला, मामंजी," दीपा म्हणाली.

"कडेला का हुईना, आत हाय ना!"

ज्ञानेश्वरी चुलीशी येऊन गोजरबाईंच्या शेजारी उकिडवी बसली. "आत्याआजी, तुम्ही काय केलं असतं?"

गोजरबाईंच्या हातातली भाकरी तव्याच्या काठावर गेली. फाट्यावर ट्रंकेपाशी उभ्या होत्या तेव्हापासून आजपर्यंत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. बापानं नाही, पंचांनी नाही, दिरानं तर नाहीच. त्यांनी भाकरी सारखी केली, उलटली, फुगू दिली.

"मला न्हाई सांगता यायचं बाळा. कुनी बोलावलंच न्हाई तर मी काय सांगू? पर येक सांगते. तुझा बसता चेंडू मी बगितलाय. ज्यांच्या घरी त्यो बसंल, तितं जा."

ज्ञानेश्वरी तिथंच, चुलीपुढं बसून, फोन लावून बोलली. फार थोडं बोलली. त्यातलं "थँक्यू" तेवढं गोजरबाईंना कळलं. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. त्या तिच्या ओठांकडे बघतच राहिल्या. नाही म्हणायला इतकाच आवाज लागतो! हे आपल्याला ठाऊक असतं तर, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांना नुसतं नवल वाटलं. विहिरीत वाकून बघावं आणि पाण्याऐवजी आभाळ दिसावं तसं.

मग पोरीनं नव्या संघाला होकार कळवला आणि तिळाची भाकरी हातावर घेऊन खाल्ली.

संक्रांतीला लंकाबाईच्या घरी हळदीकुंकू होतं. ज्ञानेश्वरी म्हणाली, "चला आत्याआजी." बोलावणं दीपाला होतं, पण गोजरबाई उठल्या. ठेवणीतलं लुगडं काढलं. लंकाबाईच्या अंगणात बायका गोल बसल्या होत्या. गोजरबाईंना पाहून बोलणं जरा अडलं. लंकाबाईनं सरकून जागा केली आणि सवयीनं आवाज खाली आणून विचारलं, "मंग अक्का, घेतली का पोरीला परत त्यांनी?"

गोजरबाईंनी आवाज खाली आणला नाही.

"बोलावली हुती. मिनतवारी केली. हीच न्हाई गेली. दुसरीकडं चाललीय, टाकायला."

"म्हंजी... सोडलंच की!"

"सोडलं की," गोजरबाई म्हणाल्या. "पर हिनं. त्यांना."

मग कडेची छबूबाई, तिचीही थोरली लेक माहेरी परत आलेली होती, पुढे सरकली आणि म्हणाली, "अक्का, पुन्यांदा सांगा बरं ते. नीट सांगा."