‘कॅन’पाशी थांबलेलं वाक्य

बाई वाचल्या याचंच सगळ्यांना एवढं हायसं वाटलं होतं, की त्यांच्या बोलण्यातून काय गेलंय हे घरी आल्यावरच हळूहळू ध्यानात आलं.

बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गल्लीत त्यांना तेच नाव राहिलं. त्यांचे यजमान दातांच्या कवळ्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे. काका पुढच्या खोलीत त्यात प्लास्टर ओतून साचे काढायचे आणि मेणात एकेक दात बसवायचे. दिवसभर मुक्या जबड्यांची संगत आणि संध्याकाळी बाईंचं बोलणं, असा त्यांचा संसार छान चालला होता. काकांचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरतं. ते सुधारायचा नाद बाईंनी लग्नानंतर लवकरच सोडून दिला होता.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, पण वेळेत औषध मिळालं. तोंड सरळ झालं, उजवा हात थोडा जड राहिला. बाई स्वतःच्या पायांनी घरी आल्या. फक्त क्रियापदं आली नाहीत. वस्तूंची नावं यायची, माणसं ओळखू यायची, पण ‘पाणी… ग्लास… मी…’ एवढ्यावर गाडी अडायची. खिडकीकडे बोट करून त्या ‘ऊन, पडदा’ म्हणायच्या. पडदा ओढायचा की सारायचा हे काकांनी ओळखायचं, आणि काका हटकून उलटं ओळखायचे.

हॉस्पिटलात एक तरुण स्पीच थेरपिस्ट होती. ती चित्रांची कार्डं दाखवायची. शिडीवर चढणारा माणूस दिसला की बाई म्हणायच्या, “शिडी.” कापड बेतणारी बाई दिसली की “कात्री.”

“नावं आहेत, कामं नाहीत,” थेरपिस्टनं काकांना समजावलं. “या दुखण्यात होतं असं. येतील, पण धीर धरावा लागेल. घरात कोणती भाषा बोलतात या?”

“मराठी. रागावतात मात्र इंग्रजीत. जन्म गेला ना शिकवण्यात.”

“मग इंग्रजीही बोलू देत. ज्या दारातून शब्द येतील त्या दारातून येऊ देत.”

वरच्या मजल्यावर काकांची थोरली बहीण राहायची. ताईंना हे काही पटलं नाही. “अरे, आधी तिला ‘पाणी दे’ म्हणता येऊ दे,” ताई म्हणाल्या. “इंग्रजीचं कसलं खूळ घेऊन बसलास? डोक्याला ताण नको तिच्या.”

तरीही काकांनी बाईंचं शाळेतलं जुनं पुस्तक काढलं, समोर स्टूल ओढलं आणि म्हणाले, “घे, आता मला शिकव.” ते तुलनेच्या धड्यातली वाक्यं वाचू लागले. त्यांचे उच्चार ऐकून बाईंची भुवई वर चढली. हॉस्पिटलातून आल्यापासून ती भुवई पहिल्यांदाच अशी चढली होती, आणि काकांना त्याचा केवढा आनंद झाला. त्यांनी मुद्दाम आणखी चुका केल्या. थोड्या खऱ्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जेवत होते. काकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. बाईंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि सावकाश, पण एकही शब्द न अडखळता म्हणाल्या, “यू कॅन ईट मोर दॅन आय कॅन.”

काकांचा घास हातातच राहिला. ते पुढच्या शब्दाची वाट पाहू लागले.

“आय कॅन… काय?”

“कॅन,” बाई म्हणाल्या.

“कॅन काय अगं? ईट म्हण. दॅन आय कॅन ईट.”

बाईंनी मान हलवली. “नाही.”

“एकच शब्द राहिलाय. वाक्य पुरं कर ना!”

बाईंनी डावा हात टेबलावर आपटला. “पुरं!”

त्या रुसून आत गेल्या. काका ताटावर तसेच बसून राहिले. एवढं लांबलचक वाक्य आलं, आणि नेमकं शेवटी क्रियापद गळालं. म्हणजे इंग्रजीतूनही तीच गळती. उरलेलं एक दारही बंद. त्या दुपारी त्यांनी समोरच्या दाताच्या जागी दाढ बसवली आणि ते त्यांच्या बराच वेळ लक्षातही आलं नाही. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं.”

पुढच्या वेळी हॉस्पिटलात गेल्यावर बाईंना खोलीत बसवून काकांनी थेरपिस्टला व्हरांड्यात गाठलं. “मॅडम, इंग्रजीतलीही गेली हो,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“नेमकं काय म्हणाल्या त्या?”

काकांनी आपल्या परीनं वाक्य म्हणून दाखवलं.

“पुन्हा म्हणा.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. थेरपिस्टच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. “काका, बाई ‘ईट’ म्हणाल्या की नाही?”

“नाही ना! तेच तर सांगतोय.”

“शेवटी नसतील म्हणाल्या. मधे? यू कॅन…”

“ईट,” काका म्हणाले. शेपटाची वाट बघण्याच्या नादात मधला शब्द त्यांच्या कानावरूनच गेला होता.

“अहो, इंग्रजीत तसंच बोलतात. तुलना करताना ‘कॅन’, ‘शुड’ असं काही आलं की तेच क्रियापद दुसऱ्यांदा म्हणायची गरज नसते. ऐकणारा समजून घेतो.”

“म्हणजे तिनं मुद्दाम गाळलं?”

“तसं दिसतंय. पण पाठ असलेलं वाक्यही असू शकतं. थांबा, बघू या.”

आत गेल्यावर तिनं कार्डं बाजूला सारली. “बाई, मी सुरू करते, तुम्ही संपवा. युवर हजबंड टॉक्स मोर दॅन ही…”

“शुड,” बाई लगेच म्हणाल्या.

“यस्टर्डे ही टॉक्ड मोर दॅन ही…”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ओठ नुसतेच हलले. काकांच्या जिभेवर ‘शुड’ आलंच होतं, पण थेरपिस्टनं त्यांना खुणेनं गप्प बसवलं. बाईंनी डोळे बारीक केले. एखाद्या आगाऊ पोरीनं वर्गात आपल्याला खिंडीत पकडायला बघावं आणि आपण ते ओळखावं, तसं त्यांनी थेरपिस्टकडे पाहिलं.

“शुड हॅव,” त्या म्हणाल्या.

थेरपिस्टनं पेन खाली ठेवलं. “काका, हे पाठांतर नाही. ‘काल’ म्हटल्याबरोबर त्यांनी ‘हॅव’ जोडलं. गाळलेलं क्रियापद कुठलं आणि कोणत्या काळातलं, हे ठाऊक असल्याशिवाय ते जमत नाही. आत सगळं आहे हो. फक्त बाहेर यायला वेळ लागतोय.”

“आणि मी आपला ‘ईट म्हण, ईट म्हण’ करत बसलो.”

“ऐकणारा,” बाई मराठीत म्हणाल्या आणि काकांकडे बोट केलं. पुढचं क्रियापद आलं नाही, पण ऐकणारा कसा आहे हे तिथं सगळ्यांना समजलं. थेरपिस्ट तोंडावर हात धरून हसली.

मग कोणी काही विचारलं नव्हतं तरी बाई म्हणाल्या, “आय कुड टॉक मोर दॅन आय कॅन नाऊ.”

“कळलं,” काका म्हणाले. या वेळी त्यांनी पुढचा शब्द मागितला नाही. “आधी जास्त बोलता यायचं तुला. खरं सांगू? कधीकधी जरा जास्तच.”

बाईंनी त्यांच्या दंडावर चापट मारली. उजव्या हातानं.

बाहेर आल्यावर काका बाकावर बसले आणि रडायला लागले, मग हसायला लागले. येणारी-जाणारी माणसं बाईंकडेच कळवळून बघत होती, की बिचारीचा नवरा फार आजारी दिसतोय. बाई बाजूला बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

इंग्रजी आधी सुधारलं. मराठी मागून, अडत-थांबत आलं. काही क्रियापदं अजूनही दडी मारतात. ‘विसळणं’ तर आलंच नाही, त्यामुळे ते काम काकांकडे गेलं ते गेलंच. पण पहिलं मराठी क्रियापद कसं आलं ते सांगायलाच हवं. काका एका साच्यासाठी प्लास्टर कालवत होते. कोपर लागून पातेलं उलटलं आणि आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला, “सांडलं!”

काका तिथंच उभे राहिले. फडकं घ्यायचं त्यांना सुचेचना. मग जिन्यापाशी धावत गेले. “ताई, खाली ये! सांडलं म्हणाली! सांडलं!”

ताई धापा टाकत पोतेरं घेऊनच खाली आल्या. “अरे, काय सांडलं?”

“सांडलं,” बाईंनी दारात येऊन पुन्हा सांगितलं, आणि चव बघितल्यासारखी जीभ ओठांवरून फिरवली.

ताईंनी पोतेरं टाकून त्यांना मिठी मारली. तिघंही तिथंच बोलत उभे राहिले, आणि जमिनीवरचं प्लास्टर मजेत घट्ट होत गेलं. ते खरवडून काढताना काकांच्या नाकी नऊ आले, पण त्यांची काही तक्रार नव्हती.