सांधलेल्या बांगड्या

मला राग लवकर येतो, आणि त्या दुपारी तर तो थेट मस्तकात गेला. चार वाजता सांगलीहून कॉलेजचे सर व्हिडिओ कॉल करणार होते. आमची वस्ती आटपाडीच्या पुढे. इथे फोनला रेंज म्हणजे उंबराचं फूल, बोलायचं तर टेकडीवर चढायचं. माझ्या अँटेनानं अंगणात कॉल पकडला तर प्रोजेक्ट पास, नाही तर वर्ष वाया.

सगळी मदार एका पातळ पाटीवर होती. तिच्यावर तांब्याच्या बारीक कड्यांच्या ओळी, आणि प्रत्येक कडीला मुद्दाम ठेवलेली फट. असा पदार्थ निसर्गात सापडत नाही, घडवावा लागतो. त्या फटींमुळेच कड्या फोनच्या क्षीण लहरी गोळा करून अँटेनाकडे वळवतात. मी शेजारून बॅटरी घेऊन आले, तर एकही फट शिल्लक नाही!

"आई, हे कुणी केलं?"

"चांदसाहेबानं," आई कौतुकानं म्हणाली. "कल्हई लावाय आल्ता. म्हनलं, परीक्षेच्या दिशी एवढ्या तुटक्या बांगड्या घरात नगंत. समद्या कथलाचा डाग दिऊन सांदून घेतल्या. लय जीव लावून केलंय बग त्यानं."

जीव लावूनच केलं होतं, कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. मी कपाळावर हात मारला. "अगं, त्या तशाच पायजेत! आता परत तोडायच्या. तू पण बस, एकटीनं व्हायचं न्हाई."

आईचा चेहरा उतरला. "न्हाई गं बाय. धनी तिकडं पाटणच्या अंगाला मेंढरांमागं, आन् म्या हितं बांगड्या फोडू?"

आमच्याकडे बांगडी फुटली तरी बायका 'वाढली' म्हणतात. त्यात आबांशी आठवडाभर बोलणं झालं नव्हतं. तिची भीती मला हसण्यावारी नेता येईना, आणि राग तर आवरेना. मी एकटीच ब्लेडनं डाग खरवडायला बसले. तीन वाजून गेले तरी अर्धी पाटी बाकी होती. बोटं कापली, रडू यायला लागलं.

आई दारातून बघत होती. एकदम आत गेली, मूठभर भंडारा आणून पाटीवर उधळला. "बिरोबा, पोरीसाटनं करतीया. राग आला तर माज्यावर काड!" मग घोंगडी शिवायची दाभण घेऊन बसली, आणि एकेक डाग उकरताना पुटपुटत राहिली, "वाढली... वाढली..."

चारला फोन वाजला. स्क्रीनवर सर लख्ख दिसले. त्यांनी पाटी निरखली.

"अपेक्षा, हे पिवळं काय आहे?"

"हळद, सर."

"तिनं काही बिघडत नाही. पास!"

मी अंगणातच उडी मारली. आई मात्र जागची हलली नव्हती. मी आबांचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. बऱ्याच वेळानं त्यांनी उचलला.

"आवं, बरं हाय न्हवं तुमाला?"

"मला काय धाड भरलीया?" आबा ओरडले. "तू या उन्हाची टेकडीवर कशाला चडलीस?"

"टेकडीवर न्हाई, अंगनात हाय मी," आई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागली.