शेवटच्या प्रकरणातला नळ

सुमनबाईच्या दारात अखेर नळ आला, असं छापून आलं.

असो. तर सुमनबाईने रिकामी घागर प्रणेशसाहेबांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवली. कलबुर्गीच्या कडेची तिची झोपडपट्टी अजून टँकरवरच होती, टँकर थांबायचा खाली हमरस्त्याला, आणि तिचे गुडघे आता भरल्या घागरीसकट चढ चढायला तयार नव्हते.

"साहेब, नळ कवा यायलाय?"

"अक्का, आला की!" पाणीपुरवठ्याचे प्रणेशसाहेब मायेने म्हणाले. "शेवटच्या प्रकरणात. तुम्ही तोटी सोडता आणि नुसत्या बघत राहता. रडलो मी तिथं."

कादंबरी सुमनबाईच्या मुलाची, सुगतची. वस्तीवर लिहिलेली, पुरस्कार मिळालेली. प्रकाशनाला अध्यक्ष प्रणेशसाहेबच होते.

"त्यो पुस्तकात आला, साहेब. दारात न्हाई."

"वरच्या साहेबांनाही वाचायला दिली. तेही रडले. मग त्यांनी समाधानाने तुमच्या वस्तीची फाईल बंद केली." त्यांनी फायली जवळ ओढल्या. "घागर तेवढी उचला, कागद भिजतील."

"कशानं भिजतील? रिकामी हाय."

घरी सुगत परिसंवादाचं भाषण लिहीत बसला होता. सुमनबाई उंबऱ्यावर टेकली.

"कामून दिलास रे पुस्तकात नळ? बक्षिसासाठी?"

सुगत पेनाला टोपण लावायला लागला. ते नीट बसेना.

"न्हाई गं. पुस्तकभर तुला पाणी वाहायला लावलं. शेवटच्या पानावर पुन्हा डोक्यावर घागर द्यायचं जिवावर आलं."

सुमनबाई गुडघा चोळू लागली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"काढून टाक त्या नळाला," ती म्हणाली. "तुज्या त्या छापणाऱ्याला अर्ज ल्ही. माज्या नावानं."

त्याने लिहिलं. पुढच्या आवृत्तीतून नळ वगळावा, म्हणजे कार्यालयास बंद फाईल उघडणे सोयीचे जाईल.

"झालं?"

"थांब. अजून एक हाय." तिने सांगितलं.

सुगतने मान वर केली. ती हसत नव्हती. मग त्याने ते साहेबी मराठीत खाली उतरवलं:

'सदर नळ काढून टाकण्यापूर्वी अर्जदारास त्याखाली एक घागर भरून घेण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'