शाबास, निम्मं झालं!

“मावशी, अगदी प्रामाणिकपणे सांगा हं. पाणी पिण्याच्या सवयीसाठी स्वतःला दहापैकी किती द्याल?”

“शून्य,” चौकशीबाई म्हणाल्या.

बसस्थानकाच्या प्रतीक्षालयातली बाकं त्या दिवशी भिंतीला सरकवली होती आणि मधल्या फरशीवर खडूनं एक भलंमोठं वर्तुळ काढलं होतं. त्याच्या कलिंगडासारख्या आठ फोडी केल्या होत्या. शरीर, मन, झोप, आहार, पाणी, माणसं, पैसा आणि समाधान. प्रत्येक फोडीत मध्यापासून कडेपर्यंत दहा रेघा. कर्मचाऱ्यानं एकेका फोडीत शिरायचं, मनाला विचारायचं आणि मन सांगेल त्या रेघेवर उभं राहायचं. आरोग्य सप्ताहासाठी खात्यानं खास बोलावलेल्या तरुण मॅडम कानाला माईक लावून हे सगळं हसतमुखानं समजावत होत्या. बाकं गेल्यामुळे प्रवासी भोवती उभेच होते. ‘समाधान’ या फोडीवर एकानं आपली ट्रंक ठेवली होती आणि ती उचलायला तो काही केल्या तयार नव्हता.

सुरुवात साहेबांनी केली होती. साहेब म्हणजे स्थानकप्रमुख. ते आठही फोडींत थेट कडेला, दहाच्या रेघेवर जाऊन उभे राहिले. ‘माणसं’ या फोडीतही ते दहावर उभे राहिले तेव्हा एकही कर्मचारी हसला नाही. कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य उत्तम असल्याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

मग डुलकी आला. हा ड्रायव्हर. त्यानं झोपेला दहा दिले.

“वा! इतकी छान झोप?” मॅडम म्हणाल्या.

“कुठंही लागते, मॅडम.”

साहेबांचा चेहरा उतरला. “गाडीवर नाही ना रे?”

“छे हो साहेब. मीटिंगमध्ये.”

हशा झाला. आणि तो ओसरतो न ओसरतो तोच चौकशीबाईंचं शून्य आलं. त्या वर्तुळाच्या अगदी मध्यावर उभ्या होत्या, जिथं पहिली रेघही पोचत नव्हती.

बाईंचं नाव हजेरीपटावर असेलच, पण ते घ्यायची वेळ कुणावर कधी आली नाही. चौकशीच्या काचेच्या खोलीत त्या बसत. समोर अर्धवर्तुळाकार भोक, बाजूला माईक. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्या सांगत, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय गाडी लागली यावर लोकांचा विश्वास बसत नसे. गावातल्या पोरांना आईच्या खालोखाल ओळखीचा आवाज तोच.

“शून्य कसं असेल, मावशी? थोडं तरी पीत असाल ना?”

“सकाळी घरी, गोळीबरोबर. इथं नुसता घसा ओला करते. माईकपुरता.”

“अहो, पण शरीर म्हणजे बहुतेक पाणीच! तुम्ही स्वतःवर प्रेम करायला शिकलं पाहिजे. पाणी प्यायची सवय ही एक...”

“बाई गं, पाणी आत कसं घ्यायचं ते मला येतं,” चौकशीबाई म्हणाल्या. “बाहेर जायचं काय करू ते सांग.”

मॅडमचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसती आतली वीज गेली. साहेब लगबगीनं पुढं आले.

“बाई, चारचौघांत असले विषय...”

“चारचौघांतच बसवलंय ना मला, साहेब? काचेत.”

आता हा विषय असला का झाला, ते सांगितलं पाहिजे. चौकशीच्या खोलीला लागूनच महिला कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह आहे. लहानसं, पण कडी लागते, वर झरोका आहे. एका वर्षी आरोग्य सप्ताहाचं सामान ठेवायला जागा सापडेना, म्हणून साहेबांनी ते तिथं ठेवलं. दोन दिवसांसाठी. व्यायामाच्या चटया, वजनकाटा, ‘निरोगी कर्मचारी, वेगवान सेवा’ असा फलक आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी. सरकारी जागेत सामान हा एकमेव भाडेकरू असा की जो कधी जागा सोडत नाही. कुलूप लागलं, किल्ली साहेबांच्या खिशात गेली. तेव्हापासून दरवर्षी सप्ताहाला सामान एक दिवस बाहेर येई, लोकांना निरोगी करी आणि संध्याकाळच्या आत परत जाई.

राहता राहिलं ते स्थानकामागचं सार्वजनिक. त्याला पूर्वी कडी होती असं जुने लोक सांगतात. आता आत जाताना दार धरायला एखादी विश्वासू बाई सोबत न्यावी लागे, आणि खिडकीवरची रांग टाकून विश्वासू बाई शोधत हिंडणं चौकशीबाईंना परवडण्यासारखं नव्हतं. पुरुष कर्मचाऱ्यांची काहीच तक्रार नव्हती. स्थानकाची मागची संबंध भिंत त्यांना मोकळी होती.

तेव्हा उंटाला निसर्गानं जे शिकवलं ते बाईंना खात्यानं शिकवलं. त्या पीतच नसत. आणि इतकी वर्षं न प्यायल्याचा हिशेब शरीरानं अलीकडे एकदम मांडला. दोनदा ताप, पोटात कळा, मग तपासणी. डॉक्टरांनी काळी फिल्म दिव्यासमोर धरली.

“डावं मूत्रपिंड आक्रसलंय. त्याची आशा सोडा. उजवं वाचवायचंय ना? मग दर तासाला पाणी प्यायचं, आणि लागली की अडवून धरायची नाही.”

“दर तासाला?”

“दर तासाला.”

घरी आल्यावर यजमानांनी ती फिल्म उलटी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “सोड ती नोकरी.”

“का म्हणून? जागा त्यांनी बळकावली आणि नोकरी मी सोडू?”

“मग भांड जाऊन.”

“भांडले. सप्ताह होऊ द्या म्हणतात, सामान त्यातच लागणार आहे.”

सप्ताह उजाडला. त्या सकाळी शिपायानं चटया ओढून बाहेर काढल्या तेव्हा बाई मुद्दाम दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत कोळ्यांची जाळी होती, पण नळ सोडला तर पाणी आलं. जुनी मैत्रीण आजारातून उठून दारात उभी दिसावी तसं बाईंना झालं. आता बाहेर आलेलं सामान परत आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच मनाशी धरून त्या वर्तुळात उतरल्या होत्या.

पण वर्तुळाचं काम आटोपलं आणि मॅडमनी बक्षिसं जाहीर केली. सर्वांत निरोगी कर्मचारी म्हणून साहेबांना चषक मिळाला. ‘सुधारणेला सर्वाधिक वाव’ हे बक्षीस चौकशीबाईंना. बक्षीस म्हणजे एक मोठी निळी बाटली, आरपार दिसणारी, गळ्याला पट्टा असलेली. तिच्यावर तासांच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेशी एक प्रेमळ वाक्य. आठला ‘सुरुवात छान!’, दहाला ‘असंच चालू ठेवा!’, बाराला ‘शाबास, निम्मं झालं!’ आणि तळाशी, चारला, ‘जिंकलात!’

साहेबांना स्फुरण चढलं. “उद्यापासून बाई दर तासाला माईकवरून सांगतील, प्रवासी बंधुभगिनींनो, पाणी प्या, निरोगी राहा!”

टाळ्या झाल्या. फोटोसाठी सगळे जवळ आले. फोटोवाला “हसा” म्हणाला त्याच वेळी मागून शिपाई चटया घेऊन चालला होता.

“अरे, कुठं नेतोस त्या?” बाई ओरडल्या.

“जागेवर,” शिपाई म्हणाला. त्याची काय चूक? त्याला जागा तीच ठाऊक.

कुलूप लागल्याचा आवाज फोटोवाल्यालाही ऐकू आला. त्या फोटोत बाई हसताहेत असं साहेब आजही सांगतात. त्या दातओठ खात आहेत.

दुसऱ्या दिवशी बाई ती बाटली घरून काठोकाठ भरून घेऊन आल्या. आठ वाजता त्यांनी माईक ओढला, “प्रवासी बंधुभगिनींनो, पाणी प्या, निरोगी राहा,” असं सांगितलं आणि स्वतः पहिल्या खुणेपर्यंत प्यायल्या. शेजारून कंडक्टर पोरगी चालली होती, ती थबकली. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते, पण उंट व्हायला तितके पुरतात.

“अहो बाई, काय करताय? जाल कुठं नंतर?”

“ठरवलंय.”

“कुठं?”

“तुझी गाडी तीन नंबरला लागलीय. पळत सूट.”

नवाला त्या प्यायल्या. दहाला प्यायल्या. अकराच्या सुमाराला त्यांनी खुर्चीत पाय एकमेकांत गुंतवले, आणि विचारणाऱ्या माणसांना त्या नेहमीपेक्षा थोडक्यात उत्तरं द्यायला लागल्या. बाराला त्यांनी घोषणा केली, प्यायल्या, आणि बाटलीनं त्यांना शाबासकी दिली. मग त्यांनी माईक पुन्हा जवळ घेतला. आवाज नेहमीचाच, गाडी लागल्याचं सांगतात तसा. ना एक शब्द घाईचा, ना एक रागाचा.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चौकशीची खिडकी थोडा वेळ बंद राहील. चौकशी कर्मचारी, वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे, पाणी प्यायल्या आहेत. महिला कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहात आरोग्य सप्ताहाचे सामान असल्यामुळे त्या साहेबांच्या खोलीतील स्वच्छतागृहाकडे मार्गस्थ होत आहेत. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

गाडी सुरू ठेवून उभ्या असलेल्या डुलकीनं इंजिन बंद केलं. बाईंनी खिडकीला फळी लावली, बाटलीचा पट्टा खांद्याला अडकवला आणि त्या जिना चढायला लागल्या. भराभर चढण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्या एकेक पायरी सांभाळून चढल्या.

वर साहेब आणि कालच्या मॅडम समोरासमोर बसले होते. स्थानकाचं एकूण आरोग्य फार चांगलं निघालं होतं, त्याचा अहवाल चालला होता. भोंगा नेमका साहेबांच्या खिडकीखालीच आहे.

साहेब उभे राहिले. “बाई, हे... माईकवर?”

“पुढची घोषणा एक वाजता आहे, साहेब. तीही हीच करू का?”

आणि उत्तराची वाट न पाहता त्या साहेबांच्या खुर्चीमागून आत गेल्या. कडी लागली.

साहेब फाईल बघायला लागले. मॅडम छताकडे बघायला लागल्या. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग जे ऐकू आलं ते बराच वेळ थांबलं नाही. मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं, “खाली सामान आहे म्हणाल्या त्या. कसलं?”

“तुमचंच,” साहेब म्हणाले.

मॅडमनी समोरचा अहवाल हळूच मिटला.

बाई खाली आल्या तेव्हा खिडकीसमोरची रांग होती तशीच होती. एक माणूस हलला नव्हता. पुढं एक म्हातारी उभी होती, कडेवर गाठोडं घेऊन. बाईंनी फळी काढली.

“झालं का गं, बाई?” म्हातारीनं विचारलं.

“झालं. कुठं जायचंय आजी तुम्हाला?”

एकची घोषणा व्हायच्या आत शिपाई चटया ओढत जिना चढताना दिसला. त्याला आता नवी जागा सांगितलेली होती, साहेबांची खोली. तिथं सामान वर्षभर राहायला हरकत नाही, साहेबांना दहापैकी दहा आहेत. किल्ली मात्र बाईंच्या हातात देताना साहेबांनी बजावलं, “हरवली तर तुमची जबाबदारी.” तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, कारण इतकी वर्षं त्यांनी ती एकदाही हरवू दिली नव्हती.

चुकून कुणी पर्समध्ये टाकून घरी नेऊ नये म्हणून बाईंनी ती किल्ली सुतळीनं त्या निळ्या बाटलीच्या पट्ट्याला बांधून टाकली. पर्समध्ये मावायची सोयच उरली नाही. स्वतःसाठी त्यांनी घरून एक साधा तांब्या आणून ठेवला.

डॉक्टरांनी पुढच्या खेपेला नवी फिल्म दिव्यासमोर धरली. उजवं ठीक आहे म्हणाले. डाव्यावरून त्यांचं बोट न थांबता पुढं गेलं.

आता दिवसातून कितीदा तरी कंडक्टर पोरगी, सफाईवाली, कधी कार्यशाळेतल्या दोघीजणी खिडकीपाशी येतात आणि काही न सांगता म्हणतात, “बाई, बाटली द्या.” बाटली भोकातून जात नाही, म्हणून बाई उठून दार उघडतात आणि हातात देतात. ती परत आली की खिळ्याला अडकवतात. इतक्या हातांतून फिरून तिच्यावरची अक्षरं उडत चालली आहेत. ‘सुरुवात छान’ केव्हाच गेलं. ‘जिंकलात’ही गेलं. काचेतून बघितलं तर मधलं ‘निम्मं झालं’ तेवढं अजून वाचता येतं.