दारामागची भिंत

तृप्तीनं लॅपटॉप ज्वारीच्या कोठीवर ठेवला, मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवला आणि पुन्हा तेच विचारलं.

"दारामागच्या भिंतीचा फोटो कुठंय, रजत?"

पडद्यावर रजतच्या मागं इटलीतल्या सिएनाची उतरती, विटांची गल्ली दिसत होती. तिथं टळटळीत दुपार होती आणि कुणीतरी आइस्क्रीम खात चाललं होतं. इथं तीर्थपुरीत दिवेलागण होत आली होती, लाइट गेली होती आणि लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती.

"अगं, मी गेल्तो तेव्हा दार उघडं होतं ना. भिंत त्याच्या मागं गेली. आता ती घरमालकीण म्हातारी परत आत घ्यायला तयार न्हाई यार. बाकी सगळं पाठवलं ना?"

"बाकी सगळं असून काय करू? त्या भिंतीवर काय हे, मला हितं बसून कसं कळणार?"

"काय असणार? भिंत हे. टाक ना अंदाजानं, तुला तर सगळं येतं. उद्या जमा करायचंय."

मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "जल्दी कर हां," म्हणून तो गेला.

खरं तर त्या गल्लीत उभं राहायचं ते तृप्तीनं. संभाजीनगरच्या कॉलेजातून आर्किटेक्चरच्या एका विद्यार्थ्याला एक सत्र सिएनाला पाठवणार होते. जुन्या शहरातलं एक घर निवडायचं, ते इंच न इंच मोजायचं, आणि जसं आहे तसं कागदावर उतरवायचं, एवढाच त्या सत्राचा अभ्यास. निवड तृप्तीची झाली होती. रजत तिच्या मागोमाग होता, पण बराच मागं.

कल्याणरावांनी रागावून नकार दिला असता तर लेकीला भांडता तरी आलं असतं. ते समजुतीनं बोलले. आधी शेजारच्या चुलतभावाला, कडूबाला, विचारून आले आणि मग ओसरीवर तिला जवळ बसवून घेतलं.

"बाई, तू हुशार हेस, मला का माहीत न्हाई? पण सहा महिने एकटी परमुलखात राहून आलेली पोरगी म्हणल्यावर सोयरे हजार गोष्टी इचारतेत. शिकायचं ते हितं शीक. मी कधी आडवा आलो?"

खर्च सगळा तिकडच्यांचा होता, त्यामुळे खर्चाची सबब सांगायची सोय नव्हती. म्हणून सोयऱ्यांची सांगितली. सोयरे अजून कोण हेही ठरलेलं नव्हतं, पण त्यांचा धाक आत्तापासूनच घरात येऊन बसला होता. आई, दैवशाला, चुलीपाशी तिला हळूच म्हणाली होती, "थांब, मी बोलते त्यांच्याशी." ती अजून बोलतेच आहे.

जागा रजतला गेली. जालन्यात त्याच्या वडिलांचं, भंवरलालजींचं, लोखंडाचं दुकान. पोरगं विमानात बसायच्या आधी दुकानावर फ्लेक्स लागला. रजत तसा वाईट नव्हता. गोड बोलायचा, मित्राच्या घरी लग्न असलं तर पंगतीत वाढायला उभा राहायचा. फक्त त्याला टेप धरून मोजायचा मनापासून कंटाळा होता, आणि नेमकं तेवढंच करायला त्याला तिकडं पाठवलं होतं.

पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला. मोजमापं जुळेनात, जिना कुठून कुठं जातो कळेना. तृप्तीनं नकाशाचं एक शीट करून दिलं. मग दुसरं. मग सगळंच तिच्याकडं आलं. दिवसा ती अंबडला एका इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेनिंग म्हणून लोकांच्या घरबांधणीचे नकाशे काढायची, आणि बसनं घरी आली की कोठीपाशी उभी राहून सिएनातलं घर काढायची. रजतनं पाठवलेले फोटो मोठे करकरून तिनं जिन्याची कोणती पायरी झिजलीय आणि कोणती खिडकी नंतर विटांनी बुजवलीय ते शोधलं होतं. नकाशावर बोट फिरवून फिरवून त्या भागातल्या गल्ल्या तिला पाठ झाल्या होत्या. एकदा रजत वाट चुकला तर त्यानं तिलाच फोन लावला.

"कमान दिसून राह्यली का? तिच्याखालून जा आणि डावीकडं चढ. वर आला की तुझी खोली," तिनं पीठ मळता मळता सांगितलं होतं.

त्यानं शब्द दिला होता. शीटवर दोघांची नावं टाकतो, बाईंना खरं काय ते सांगतो. त्याला शिकवणाऱ्या त्या बाई दरवर्षी उन्हाळ्यात बाहेरच्या चार-दोन पोरांना बोलावून घेतात, तुलाही बोलवतील. बोलावणं येईल आणि वडील पाठवतील यावर तृप्तीचा फार भरवसा नव्हता. तिला हवं होतं ते त्याहून बरंच लहान होतं. जिथं तिला जाऊ दिलं नाही, त्या शहरात कुणीतरी एकदा तिचं नाव घ्यावं. हे घर हिनं काढलं, असं म्हणावं. एवढ्यासाठी तिनं डोळे शिणवले होते.

लाइट आली. तृप्तीनं बसकर ओढलं, खाली बसली आणि भिंत पुरी केली. हात कुठं अडला नाही. सगळं पाठवून ती जेवायला उठली.

आठवड्यानं कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला. पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या बाई शीट दोन्ही हातांनी वर धरून उभ्या होत्या आणि शेजारी रजत हसत होता. खाली अभिनंदनाची रीघ लागली होती. तृप्तीनं फोटो मोठा केला. जिना तिचा होता, खिडक्या तिच्या होत्या, प्रत्येक रेघ तिची होती. कोपऱ्यात नाव एकट्या रजतचं होतं. पोरानं आयत्या पिठावर नुसत्या रेघोट्याही ओढल्या नव्हत्या, खाली सही तेवढी केली होती.

"माझं नाव?" तिनं लिहिलं.

"सांगतो ना. आधी मार्क येऊ दे. आत्ता बोललो तर लफडं होईल," उत्तर आलं, सोबत हात जोडल्याचं चित्र.

तिनं धीर धरला. इतके दिवस थांबलो, आणखी थोडं थांबू, असं स्वतःला बजावलं. पण कामात लक्ष लागेना आणि फोन वाजला की हातातलं टाकून ती उठायची.

तो वाजला तेव्हा रविवार होता. कल्याणराव ओसरीवर कापसाच्या बियाण्याची जाहिरात वाचत बसले होते. तृप्ती कोठीपाशी गेली.

"तृप्ती, तू काय करून ठेवलंस गं?" रजतचा आवाज चिडलेला होता.

"काय झालं?"

"बाईंनी सगळा वर्ग त्या घरात नेला. माझं शीट हातात घेऊन. म्हणल्या, मोजणं कसं असतं ते बघा. जिना, खिडक्या, सगळं बराबर. मंग त्यांनी आतून दार लावलं."

"मंग?"

"भिंत कोरी! काहीच न्हाई तिच्यावर. आणि तू तिथं कोनाडा काढलास. खांद्याएवढ्या उंचीवर, छान कमानीबिमानीचा."

तो कोनाडा नव्हता, देवळी होती. दार उघडून आत शिरलं की बाजूच्या भिंतीत देवळी असते, दिवा ठेवायला. तृप्तीनं जन्मात पाहिलेल्या एकाही घराचं दार देवळीवाचून नव्हतं. कर्ज काढून बांधलेल्या स्लॅबच्या घरातसुद्धा गवंडी ती न विचारता सोडतो आणि मालकही का म्हणून विचारत नाही. त्या संध्याकाळी भिंत काढताना ती हातातून आपसूक उतरली होती. काढल्याचं तिला आठवतही नव्हतं.

"सगळे हसायला लागले," रजत सांगत होता. "बाईंनी विचारलं, हे तू कुठं पाहिलंस? मी काय बोलणार? सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"हेच, की मोजमाप, ड्रॉइंग समदं माझं हे. ही एक भिंत तेवढी गावाकडच्या मैत्रिणीला पुरी करायला दिल्ती, तिनं मनानं टाकलं. खोटं थोडीच हे?"

बाहेर ओसरीवर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. तृप्तीनं खिडकीचा गज धरला.

"आणि नाव?"

"विचारलं ना बाईंनी. सांगितलं. तृप्ती कल्याणराव तौर, पूर्ण. तूच मागं लागल्ती ना, नाव सांग, नाव सांग?"

"त्यांना घेता आलं?"

"आधी अडखळल्या. मंग बराबर घेतलं."

"काय म्हणल्या?"

"काही न्हाई गं. म्हणल्या, तिला सांग, न पाहिलेली भिंत काढायची नसते." मग घाईनं म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नको. मी सांभाळून घेतलं. थोडे मार्क कापले, बस. आलो की भेटूच."

तृप्तीला रडू आलं नाही. राग आला, आणि तो रजतपेक्षा त्या बाईंचा जास्त आला, कारण त्या बोलल्या त्यात काडीचंही खोटं नव्हतं. कुणी तिला वर्गात विचारलं असतं तर तिनंही हेच उत्तर दिलं असतं. ती तशीच कोठीला टेकून उभी राहिली.

"कोण होतं गं?" कल्याणरावांनी ओसरीवरून विचारलं. "नावाचं काय म्हणून राह्यलीस?"

"कॉलेजातला रजत. तो इटलीला गेल्ता न्हाई का, तो." ती दारात आली. बाकीचं सांगायला तोंड उघडलं, पण वडिलांच्या तोंडाकडं बघून ते आवरतं घेतलं. "तिकडच्या बाईंनी माझं नाव विचारलं."

"तुझं? तिकडच्या बाईनं?"

"हो. घेतलं बी. बराबर."

कल्याणराव पेपर बाजूला टाकून उठलेच. त्यांचा चेहरा असा फुलला की तिला त्यांच्याकडं पाहवेना. गेले सहा महिने आपण लेकीचं काहीतरी हिरावून घेतलं ही सल त्यांनाही होती. ती आज एका झटक्यात निघाली होती.

"अगं ऐकलं का?" त्यांनी आत चुलीकडं आवाज दिला. "तिकडं समजलं पोरीचं नाव! मी काय म्हणल्तो? घरी बसून झालं का न्हाई? बिलकुल जायची गरज पडली न्हाई." मग तिच्याकडं वळून, मऊ होत म्हणाले, "पोचलं का न्हाई नाव, बाई?"

"पोचलं," तृप्ती म्हणाली.

ते चपला सरकवून बाहेर पडले. पलीकडच्या ओट्यावर कडूबा आणि आणखी दोघं-तिघं बसलेले होते. रस्ता ओलांडायच्या आधीच कल्याणरावांचा आवाज चढला.

"कडूबा, तुला सांगतो, इटलीत नाव घेऊन राह्यलेत आपल्या तृप्तीचं! हितं, घरबसल्या!"

कुणीतरी "वा, वा" म्हणालं. चपलांचा आवाज घराकडं यायला लागला. तृप्तीनं लॅपटॉप बंद केला आणि चहाला आधण ठेवायला आत गेली.