कस्तुराबाईच्या हातची करणी

ईट गावच्या चावडीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. झाडफूक करणाऱ्या घोंगडीबाबानं भरल्या गावात करणी पकडली होती, आणि तीही बब्रुवानाच्या सख्ख्या बायकोची, कस्तुराबाईची.

मागं दोन-तीनदा झालं तसंच, कस्तुराबाईनं वाढलेल्या पुरणपोळ्या खाऊन बब्रुवान ताटावरून उठला आणि धाडकन कोसळला. बाबानं त्याला घोंगडीवर आडवं केलं, मोरपीस फिरवलं, बऱ्याच वेळानं चार घास भाकरी भरवली. गडी उठून चालायला लागला.

"तिच्या हातात इख, माझ्या हातात अमृत," बाबा म्हणाला. "दिवस मावळायच्या आत हिला तामलवाडीला माहेरी धाडा. न्हायतर ह्यो दसरा बघत न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बब्रुवानानंही डोलावली, हे कस्तुराबाईला फार लागलं. अलीकडं पीठ मळताना तिला स्वतःच्याच बोटांची धास्ती वाटायची. आपल्याच हातानं नवरा मरतोय की काय, या विचारानं तिचा जीव अर्धा झाला होता.

त्या दिवशी पटकीची लस टोचायला निजाम सरकारचे डॉक्टर वलीसाहेब गावात आले होते. गलका ऐकून तेही चावडीवर आले आणि झाला प्रकार त्यांनी विचारून घेतला.

"बाई, हे पोळ्या किती खातात?"

"मोजत न्हाय साहेब, दिष्ट लागती. वर गुळवणी पितात."

"बब्रुवानराव, गेल्या खेपेला मी तपासलं होतं, तुम्हाला तर मधुमेह आहे ना?"

"व्हय. लई वर्सं झाली. म्हणून तर साखर घरात येऊ देत न्हाय," बब्रुवान अभिमानानं म्हणाला. "निस्ता गूळ खातो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि जेवल्याबरोबर उठता कशाला?"

"गावचा मानकरी हाय मी. मी उठल्याबिगर पंगत उठत न्हाय. घरीबी तीच सवय."

"मग बाबा, आता अमृताच्या हातानं पोळ्या भरवा," डॉक्टर म्हणाले.

बाबानं आढेवेढे घेतले, पण गावाला तमाशा हवाच होता. डॉक्टरांनी बब्रुवानाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. बाबानं पोटभर पोळ्या आणि गुळवणी भरवली. थोड्या वेळानं पुन्हा मोजला, तर पारा बराच खाली. दोघांनी धरून बब्रुवानाला उभं केलं आणि त्याचे डोळे फिरले. त्याला निजवून पाय उशीवर उंच ठेवले, तसा तो शुद्धीवर आला. मोरपीस बाबाच्या काखेतच होतं.

"खाल्लेलं पचवायला रक्त आतड्यांकडं धावतं," डॉक्टर सांगू लागले. "धडधाकट माणसाच्या शिरा लगेच आवळतात, काळीज जोर लावतं, दाब टिकतो. जुन्या मधुमेहात हा कारभार बघणाऱ्या नसा ढिल्या पडतात. त्यात गोडधोड पोटभर खाऊन ताडकन उठलं की मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस पडतो. बाबा चारच घास द्यायचा, तेही निजवून, पहिलं जेवण जिरल्यावर. एवढीच त्याची विद्या. अहो, माणूस पडला तर त्याला तपासा. बायकोला घराबाहेर काढून कुणाचा आजार बरा झालाय?"

लोकांनी बाबाकडं पाहिलं. तो घोंगडी गोळा करून येडशीच्या वाटेला लागला होता.

कस्तुराबाई आपल्या हातांकडं बघून तिथंच हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून नवऱ्यापुढं येऊन बसली.

"आजपासून गूळ बंद. थोडं थोडं खायाचं आन् जेवल्यावर बसून ऱ्हायाचं. पंगतीत पयलं उठायचा मान दुसऱ्याला द्या."

"मान कसा सोडू गं?" बब्रुवान कळवळला.

"बायकू सोडाया निघाला हुता," ती म्हणाली, "तवा न्हाय इचारलं, कशी सोडू म्हणून."