उणे एकशे शहाण्णवातला स्वप्निल

आमच्या प्रयोगशाळेत कोणी शून्यापासून गणित सुरू करत नाही. सीनियरचं शेवटचं उत्तर घ्यायचं आणि आपल्या मॉडेलमध्ये विरजणासारखं घालायचं. कॉम्प्युटरचा वेळ वाचतो. तांब्याच्या तारेचं मॉडेल असेल तर खपून जातं, तांबं विसरतं. माझी चकती सुपरकंडक्टरची होती. तिच्यात एकदा सुरू झालेला करंट फिरतच राहतो. आणि विरजण स्वप्निलचं होतं.

स्वप्निल माझा प्रयोगशाळेतला सीनियर आणि राजापेठेतला रूम पार्टनर. मागच्या वर्षी चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर अपघातात गेला.

मी त्याचं उत्तर घालून मॉडेल उघडलं. मॉडेलमधला चुंबक त्यानंच कधीचा काढून ठेवलेला, बाहेरून काही लावलेलं नाही, आणि स्क्रीनवर बाण घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत होते. लाल, शांत वर्तुळ.

"हे कोणाचं भूत आहे?" सर म्हणाले. "मिटव. सोमवारी पेपर पाठवायचा आहे."

मिटवायचं म्हणजे मॉडेलमध्ये चकती गरम करायची. एक आकडा बदलायचा फक्त. मला तो बदलवेना.

त्याच आठवड्यात स्वप्निलची आई पंचफुलाबाई अकोल्याहून आमच्या खोलीवर आली. तिथे ती भाजी विकते. त्याची गादी न्यायची राहिली होती. गादी गुंडाळताना तिचं लक्ष माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे गेलं.

"हे काय फिरून राहिलं?"

"स्वप्निलनं फिरवलेलं हाय, मावशी. थांबत नाही."

"लाइन गेली तरी?"

"लाइन आली का तिथूनच सुरू."

गुंडाळायचं सोडून ती गादीवरच बसली. वरच्या क्लासची पोरं सुटली, खाली गाड्यांचा कल्ला झाला, ती हलली नाही. मी चहा दिला. तिनं आणखी एक कप मागून घेतला आणि स्क्रीनसमोर ठेवला. त्यावर साय धरली. पेपरचा नाद मी तिथंच सोडला.

"थांबत काहून नाही पण?"

"लय थंड हाय न तिथं. अडवाले काही उरत नाही."

"किती थंड?"

"उणे एकशे शहाण्णव."

"म्हंजे?"

"बर्फ बी गरम वाटन तिथं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या तराजूत दगड लपवला होता.

"सालभर माह्या लेकराले तिथं ठेवलं तुमी? नाकापर्यंत चादर ओढून झोपे तो, बाप्पा. कर गरम."

"मावशी, मग हे वर्तुळ जाईन. परत येत नाही ते."

"कर म्हन्लं ना."

मी आकडा बदलला. बाण आखूड होत गेले, मग नव्हते. चकती सगळी निळी. तिनं स्क्रीनसमोरचा गार चहा सायीसकट पिऊन टाकला आणि गादी घेऊन एसटी पकडली.

मी शून्यापासून गणित केलं. सोमवारी पेपर गेला. सर म्हणाले, एकदम स्वच्छ.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. मे महिना, अकोल्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"बाप्पा, सकाळपासून लाइन नाही इथं."

"इथं बी नाही, मावशी."

"पंखा फिरून राहिला."

"वारा असन."

"खिडक्या लावल्या हायेत. ऊन हाय न."

मी विचारलं, "कोन्या बाजूनं फिरून राहिला?"

"रोजच्या उलट. घड्याळाचे काटे जातात तसा."

"हवा लागते का?"

"उलटा फिरला तं हवा कायची लागते? त्याचं काम असंच."

"बंद करून पायलं?"

"काहून करू?" ती म्हणाली. "त्याची गादी पंख्याखालीच टाकली हाय म्या. अंग गरम होऊ दे जरा त्याचं."